ध्रुवक केवढा हवा?

नांदेडजवळ विष्णुपुरीच्या जलाशयाच्या काठावर उभे राहून दुपारी फोटो काढला, तर फोटोत पाणी कमी आणि चकाकी जास्त दिसते. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पोलरायझिंग फिल्टर, म्हणजे ध्रुवक, लावून हळूहळू फिरवला, की एका विशिष्ट स्थितीत चकाकी विरते आणि काठाजवळच्या पाण्याखालचे दगड दिसू लागतात. शाळेच्या कॅमेऱ्याला तीन भिंगे असतील आणि त्यांच्या तोंडांचे व्यास 52, 58 आणि 67 मिलिमीटर असतील, तर फिल्टर तीन घ्यायचे की एक? प्रश्न दुकानातला वाटतो. पण ध्रुवकाचा सारा इतिहास हा मापाचाच इतिहास आहे.

त्याची सुरुवात एका स्फटिकापासून होते. 1669 मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलँडमधल्या पारदर्शक कॅल्साइटमधून पाहिले, तर प्रत्येक वस्तू दोनदा दिसली. हे असे का, याचा उलगडा लवकर झाला नाही. 1808 मध्ये पॅरिसमध्ये एत्येन मालुस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळतीचा प्रकाश अशाच स्फटिकातून पाहिला. स्फटिक फिरवला, की दोन प्रतिमांपैकी कधी एक मंद होई, तर कधी दुसरी. म्हणजे काचेवरून परावर्तित झालेल्या प्रकाशात काही वेगळेपण होते. आज आपण म्हणतो, की साध्या प्रकाशाची कंपने त्याच्या मार्गाशी काटकोनात सर्व दिशांना होतात, पण पाण्यावरून किंवा काचेवरून तिरप्या परावर्तित झालेल्या प्रकाशात एका दिशेची कंपने जास्त असतात. असा प्रकाश ध्रुवित असतो. ज्या कोनात तो पूर्णपणे ध्रुवित होतो, त्याचा नियम डेव्हिड ब्रूस्टर यांनी 1815 मध्ये मांडला. पाण्यासाठी हा कोन उभ्या रेषेपासून सुमारे 53 अंश येतो. पितळी तांब्यावरची चमक मात्र फिल्टरने जात नाही, कारण धातूवरून होणाऱ्या परावर्तनात असे ध्रुवीकरण होत नाही. हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहावा.

1828 मध्ये एडिंबरोच्या विल्यम निकोल यांनी कॅल्साइटचा स्फटिक तिरपा कापून कॅनडा बाल्समने पुन्हा चिकटवला. त्यामुळे दोन किरणांपैकी एक सांध्यावरून बाजूला फेकला जातो आणि दुसरा ध्रुवित किरण सरळ बाहेर येतो. हाच निकोल लोलक. पुढे हेन्री सॉर्बी यांनी खडकांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासण्याची वाट घालून दिली. 0.03 मिलिमीटर जाडीचा छेद दोन ध्रुवकांमध्ये ठेवला, की एकेक खनिज आपापल्या रंगांवरून ओळखता येते.

या पद्धतीचे मोल आपल्या भागाला चांगले कळेल. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे 617 मीटर खोल छिद्र घेण्यात आले. सुमारे 338 मीटर बेसॉल्ट आणि गाळाचा पातळ थर ओलांडल्यावर खालचा प्राचीन खडक लागला. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे असा जुना ग्रॅनाइट जमिनीवरच उघडा दिसतो. लातूरला मात्र तो बेसॉल्टखाली दडलेला आहे. अशा खडकांची ओळख पटवताना भूवैज्ञानिक आजही पातळ छेद ध्रुवित प्रकाशातच पाहतात.

सूक्ष्मदर्शकाला छोटा निकोल पुरतो, आणि डोळ्यालाही पुरतो. सप्टेंबर 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' या बोटीने इंग्लंडहून मुंबईला येत होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे तेव्हा मानले जाई. रामन यांनी निकोल लोलकातून ब्रूस्टरच्या कोनात समुद्र पाहिला आणि परावर्तित प्रकाश गाळून टाकला. निळाई गेली नाही, उलट ती अधिकच खुलली! रंग पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाचा होता. मुंबई बंदरात बोट लागली, तेव्हा त्यांचे टिपण तयार होते. विष्णुपुरीच्या काठावर आपला फिल्टर जे काम करतो, तेच काम त्या लोलकाने केले.

पण कॅमेऱ्याच्या भिंगाचे तोंड मोठे असते. निकोलची लांबी त्याच्या रुंदीच्या सुमारे तिप्पट लागते. म्हणजे 50 मिलिमीटरच्या तोंडासाठी 15 सेंटिमीटर लांबीचा निर्दोष स्फटिक हवा. तो मिळणार कुठे आणि परवडणार कोणाला?

1852 मध्ये ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांनी प्रकाश ध्रुवित करणारे, क्विनीन आणि आयोडीनचे बारीक स्फटिक वर्णिले. ते मोठे वाढवणे फार अवघड होते. एडविन लँड या अमेरिकन तरुणाने प्रश्नच उलटा केला. एक मोठा स्फटिक कशाला? असंख्य सूक्ष्म स्फटिक एकाच दिशेने ओळीत बसवले तर? 1929 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने अशा पातळ पत्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. 1938 मध्ये ताणलेले प्लॅस्टिक आणि आयोडीन वापरून त्याने आणखी चांगला पत्रा बनवला. हवा तेवढा ध्रुवक कात्रीने कापून घेता येऊ लागला. प्रयोगशाळेतले दुर्मिळ साधन शाळेच्या आवाक्यात आले, ते असे.

आता मूळ प्रश्न. तीनही भिंगांच्या मानाने सर्वांत मोठा, म्हणजे 67 मिलिमीटरचा, एकच फिल्टर घ्यावा आणि सोबत 52 ते 67 व 58 ते 67 अशा दोन स्टेप-अप रिंगा घ्याव्यात. या रिंगा फिल्टरच्या मानाने खूप स्वस्त असतात. मोठ्या फिल्टरने प्रतिमा बिघडत नाही, लहान फिल्टरने मात्र फोटोचे कोपरे काळे पडू शकतात. व्यास भिंगाच्या कडेवर ø या चिन्हापुढे छापलेला असतो. 50 मिलिमीटर हे नाभीय अंतर म्हणजे हा व्यास नव्हे, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. 'सर्क्युलर' फिल्टर घ्यावा. गोल तर सगळेच असतात. हे नाव बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या कंपनांवरून पडले आहे. जुना 'लिनिअर' फिल्टर लावला, तर काही कॅमेऱ्यांचे स्वयंचलित फोकसिंग चुकू शकते. घेताना फिल्टरची पुढची बाजू कॅल्क्युलेटरच्या पडद्याकडे धरून फिरवावी. पडदा काळवंडला, तर ध्रुवक खरा.

आणि फिल्टरला पैसे नसतील तर? आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्साइट सापडते. विहिरीच्या उकरीत पाहा. बहुतेक तुकडे दुधट असतात. विरल आम्लाच्या थेंबाने फसफसणारा एखादा पारदर्शक तुकडा मिळाला, तर तो कागदावरच्या ठिपक्यावर ठेवा. ठिपके दोन दिसतील. बार्थोलिन यांनी 1669 मध्ये पाहिले, ते हेच.