फियाटचा पेट्रोल पंप आणि आंबोली घाट

उद्यमबाग आमच्या अनगोळला चिकटूनच. फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंग यांत कितीतरी घरं कामाला, त्यामुळे गाडी बंद पडली की सल्ला द्यायला माणसं कमी नसायची! "पंप गेलाय की," हे ठरलेलं वाक्य.

1990 च्या सुमारास वडिलांची प्रीमियर पद्मिनी भाड्यानं सावंतवाडीला जायची. मूळची इटलीची फियाट 1100, बनायची मुंबईत कुर्ल्याला. नाव पद्मिनी झालं तरी आम्ही फियाटच म्हणायचो. तिचा पंप इंजिनला बाहेरून बोल्टनं बसवलेला. कॅमशाफ्ट फिरला की पंपाचा लिव्हर हलायचा, आतला रबरी डायफ्राम वर-खाली व्हायचा आणि टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरला पोचायचं. करंटचा काही संबंध नाही.

परतीला आंबोली घाट चढताना गाडी दम टाकायची. उन्हाळ्यात पंपाजवळ पेट्रोलची वाफ धरते हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं. पण आमची पावसाळ्यातही थांबायला लागली. एका गॅरेजवाल्यानं पंप बदलला, पैसे घेतले, पुन्हा तेच. दोन भाडी हातची गेली. घर त्या गाडीवरच चालायचं, आईनं तर गाडी विकायचं काढलं.

मग गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीमामांना दाखवली. ते म्हणाले, "आण्णा, पंपाला उगी नावं ठेवू नका. आधी त्याला विचारूया की."

त्यांनी कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत धरली आणि सेल्फ मारायला सांगितलं. ठोक्याठोक्याला पेट्रोलची पिचकारी! म्हणजे पंप ठणठणीत. डिपस्टिक काढून वास घेतला. डायफ्राम फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होऊन बेअरिंग खातं. ही परीक्षा फार लोक करत नाहीत, करायला हवी. वास नव्हता. मग गाडी पळवून आणली, अडखळताच टाकीचं झाकण सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुरू. झाकणाचं हवेचं भोक मातीनं बुजलेलं! टाकीत हवा शिरत नसेल तर पंप ओढणार तरी काय? एका तारेनं काम झालं.

2000 साली प्रदूषणाचे नवे नियम आले आणि कार्ब्युरेटर मागे पडला. आता पंप टाकीतच, करंटवर चालणारा. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूं ऐकू येतं. आलं नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघायचे, मग वायर. आवाज येऊनही गाडी उचलत नसेल तर गेज लावून प्रेशर मोजायचं. हा पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांचा लवकर जातो.

गॅरेजवाल्यानं काढलेला तो जुना पंप वडिलांनी टाकला नाही. फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवला, आणि पुढं गाडी विकली तेव्हा गिऱ्हाइकाला स्पेअर म्हणून दिला.