प्रवासी गाडीतील मालडबा आणि खानदेशची केळी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना
खानदेशातील रेल्वेचा इतिहास सामान्यतः कापसाच्या अंगाने लिहिला जातो. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले आणि त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या प्रदेशात पोहोचली. १८६७ मध्ये भुसावळमार्गे नागपूर आणि १८७० मध्ये जबलपूर मुंबईशी जोडले गेले. ही मांडणी योग्य असली तरी तीत एक उणीव राहते. कापसाची गाठ मालधक्क्यावर आठवडाभर थांबू शकते. केळीचा घड थांबू शकत नाही. यावल-रावेर पट्ट्यातील शेतकऱ्याचे रेल्वेशी असलेले नाते समजून घ्यावयाचे, तर प्रवासी गाडीला जोडलेल्या मालडब्याकडे पाहणे आवश्यक ठरते.

माल आणि पार्सल
रेल्वेच्या व्यवहारात माल आणि पार्सल हे दोन वेगळे विभाग आहेत. मालगाडी भार पुरेसा झाल्यावर आणि मार्ग मोकळा मिळाल्यावर चालते. पार्सल प्रवासी गाडीबरोबर, तिच्या वेळापत्रकानुसार जाते. म्हणूनच त्याचे उत्पन्नही प्रवासी वाहतुकीच्या बाजूस मांडले जाते. पार्सलचा दर अधिक असतो. या जादा दरात शेतकरी वस्तुतः वेळ विकत घेतो.

ही वाहतूक मुख्यतः दोन प्रकारे होते. एक, गार्डच्या डब्यालगतचा सामानकक्ष. त्यात काही टनच माल मावतो आणि मधल्या स्थानकावरील दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात जेवढा चढेल तेवढाच चढतो. दुसरा, सुमारे २३ टन क्षमतेचा स्वतंत्र पार्सल डबा. तो आधी बाजूच्या मार्गावर भरून ठेवतात व गाडी आल्यावर तिला जोडतात. त्यासाठी शंटिंगची सोय लागते. साधी मालवाघीण मेल-एक्सप्रेसच्या वेगास योग्य नसते; म्हणून पार्सल डब्याची चाके व ब्रेक प्रवासी डब्यांप्रमाणे असतात.

केळीचा काळ
यावल गावास रेल्वेस्थानक नाही. तालुक्यातील केळी पूर्वी बैलगाडीने आणि पुढे ट्रकने सावदा, निंभोरा, रावेर किंवा भुसावळ येथे न्यावी लागे. केळी हिरवी कापली जाते. कापणीनंतरही तिचा श्वसनव्यापार चालू असतो. बंद डब्यात उष्णता व पिकवणारा वायू साचला की एका घडामुळे शेजारचे घडही पिकू लागतात. वैशाखातील खानदेशी उन्हात दिल्लीपर्यंतचा एक दिवसाचा विलंबही संपूर्ण भरतीचा भाव पाडू शकतो. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी जमैकाच्या केळीसाठी डब्यांना इंजिनाच्या वाफेची ऊब देत असत. तेथे शत्रू थंडी होती, येथे उष्णता. परंतु स्पर्धा दोन्हीकडे घड्याळाशीच होती.

या व्यवस्थेचा सामाजिक अर्थही महत्त्वाचा आहे. संपूर्ण मालगाडी भरणे मोठ्या व्यापाऱ्यास किंवा संघटित संस्थेसच शक्य असते. एक डबा मात्र गावातील काही बागायतदार एकत्र येऊन भरू शकतात. डबा हे लहान शेतकऱ्याच्या कुवतीचे माप होते.

डब्याचा संकोच
प्रवाशांची संख्या वाढली तशी जागेची स्पर्धा तीव्र झाली. गाडीची लांबी फलाटाने मर्यादित होते. जोडलेला प्रत्येक पार्सल डबा एका प्रवासी डब्याची जागा घेतो. गाड्यांचा वेग वाढला, थांबे घटले. नव्या एलएचबी डब्यांची जोडणी वेगळ्या पद्धतीची असल्याने जुने पार्सल डबे त्या गाड्यांना सहज जोडता येत नाहीत. दरम्यान, ट्रक थेट बागेच्या बांधापर्यंत येऊ लागला.

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल सुरू झाली. जळगाव व भुसावळ हे तिचे थांबे होते. पार्सल डब्यांचीच ही गाडी वेळापत्रकाने धावे आणि अनेक स्थानकांवर थोडाथोडा माल घेई. प्रवासी गाडीमागील एका डब्याचे तत्त्वच येथे संपूर्ण गाडीस लावले गेले. फळे व भाजीपाल्याच्या भाड्यात दिले जाणारे ५० टक्के अनुदान मार्च २०२२ अखेर थांबले. या अनुभवातून वेळापत्रक आणि परवडणारा दर या दोन्ही गोष्टी एकत्र असणे किती आवश्यक आहे, हे स्पष्ट होते.

निष्कर्ष
प्रवासी गाडीतील मालडबा ही केवळ तांत्रिक सोय नव्हती. नाशवंत पिकास वेळेची हमी आणि अल्पभूधारकास दूरच्या बाजारपेठेत प्रवेश, असे तिचे दुहेरी कार्य होते. किती टन माल गेला एवढ्यावरच रेल्वेचे यश मोजले, तर हे कार्य दृष्टीआड होते. स्थानकांवरील जुन्या पार्सल नोंदवह्या आणि भरती करणाऱ्या हमालांच्या व बागायतदारांच्या आठवणी ही या इतिहासाची प्राथमिक साधने होत. नोंदवह्या रद्दीत जाण्यापूर्वी आणि ती पिढी हयात असतानाच परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे संकलन हाती घेणे अगत्याचे आहे.