पूर्वजशोध, खानदेशातील

एखाद्या कुळाचा मूळपुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला आणि कोणत्या समाजातला होता, हे कागदपत्रे, कुळपरंपरा व जनुकीय चाचणी यांच्या आधारे ठरविण्याचे काम. जळगाव-धुळे महामार्गावरील एरंडोल (जि. जळगाव) आणि भोवतालच्या गावांत हे काम अवघड जाते, कारण येथे अनेक कुळे बाहेरून येऊन वसलेली आहेत आणि आडनावांवरून कुळ ओळखता येत नाही.

पार्श्वभूमी : १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा होळकरशाहीतील धामधूम, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांची लूट यांमुळे प्रांतातील पुष्कळ गावे ओस पडली होती. पुढे पडीक जमिनी लागवडीखाली आल्या, १८६० नंतर रेल्वे आली आणि कापसाचा व्यापार वाढला, तशी नवी वस्तीही वाढत गेली. लेवा पाटीदारांत पावागडाकडून, तर गुजर समाजात गुजरात-राजस्थानाकडून आल्याची परंपरा आहे. पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे मुळात हुद्द्याची किंवा मानाची असल्याने ती अनेक समाजांत आढळतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) माहेरच्या महाजन, समाजाने लेवा. परंतु माळी समाजातही महाजन आहेत. म्हणून एकाच गावातले दोन पाटील भाऊबंद असतीलच असे नाही.

कागदपत्रे : एरंडोल एके काळी जाड्याभरड्या हातकागदासाठी प्रसिद्ध होते. शोधाला लागणारा कागद मात्र मुख्यतः महसुली दप्तराचा असतो. खानदेशात जमीनमोजणी १८५२ च्या सुमारास सुरू झाली आणि सावदा-फैजपूर भागात तिच्याविरुद्ध उठावही झाला. मोजणीनंतर शेताला क्रमांक व खातेदार मिळाला आणि नाव जमिनीला जोडले गेले. विसाव्या शतकातील हक्कनोंदीत वारसाच्या फेरफारावरून बाप-लेकाचे नाते सरळ सिद्ध होते. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, हिला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. तीत पुष्कळदा बाळाचे नाव नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच नोंद, मात्र बापाचे नाव व जात लिहिलेली असते. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात जात व जन्मस्थळ मिळते, पण तेथील १ जून ही जन्मतारीख बहुधा गुरुजींनी अंदाजाने टाकलेली असते. यांखेरीज खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळनोंदवही आणि १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टरही तपासतात.

जुने लेखन मोडीत असल्याने मोडीवाचक लागतो. कागद कोठे पाहायचा, हेही बदललेल्या सीमांवर अवलंबून असते. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता व त्याचे मुख्य ठिकाण धुळे होते. त्या साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडून जळगाव हे पूर्व खानदेशचे ठाणे झाले. धरणगाव पूर्वी एरंडोल तालुक्यातच होते, तेव्हा तेथील जुन्या नोंदी एरंडोलच्या नावाखाली शोधाव्या लागतात.

कुळपरंपरा : काही समाजांचे भाट वहीत वंशावळ राखतात आणि ठराविक काळाने येऊन नवी नावे चढवितात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे नाव, गाव व पूर्वज असतात. कुलदैवत आणि देवक यांवरून दिशा कळते, पण या खुणा लग्नसंबंध, स्थलांतर आणि प्रतिष्ठा यांमुळे बदलूही शकतात. त्यांना कागदाचा आधार शोधावा लागतो.

जनुकीय चाचणी : वाय-गुणसूत्राने केवळ बापाकडची, तर मायटोकाँड्रियल डीएनएने केवळ आईकडची रेघ दिसते. उरलेल्या गुणसूत्रांत पाच पिढ्यांमागील ३२ पूर्वजांपैकी प्रत्येकाचा वाटा सरासरी सुमारे ३ टक्के असतो. दत्तकविधानाने किंवा पाटाच्या लग्नात आईबरोबर आलेल्या मुलामुळे कागदावरची वंशरेषा व रक्ताची रेषा वेगळ्या होऊ शकतात. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने होत आल्याने समाजातल्या परक्या माणसांतही समान जनुकीय खंड सापडतात आणि दूरचे नाते जवळचे भासते. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील व हार्वर्डमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले, की भारतातील मोठी सरमिसळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली व नंतर बंदिस्त विवाहपद्धती रूढ झाली. चाचणीने गाव सांगता येत नाही. समूहाचा जुना इतिहास काही अंशी कळतो.

याचे महाराष्ट्रातील चांगले उदाहरण कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाचे. अलिबागजवळ नवगाव येथे फुटलेल्या जहाजातून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. २०१६ मधील जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतील ज्यू व भारतीय असे दोन्ही वारसे आढळले आणि सरमिसळीचा काळ सुमारे ६५० ते १,०५० वर्षांपूर्वीचा निघाला. परंपरेतील ‘बाहेरून आलो’ या गाभ्याला आधार मिळाला. जहाज व सात जोडपी यांना मात्र नाही.

कायद्यातील स्थान : महाराष्ट्राच्या जातप्रमाणपत्र अधिनियमानुसार (सन २००१ चा महाराष्ट्र २३) जात सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावर असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या मानीव तारखांपूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक वजन असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले. ‘कुणबी’ नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमुळे हीच जुनी दप्तरे पुन्हा मोठ्या प्रमाणावर उघडली गेली.

पुराव्याची जुळणी : शोध वर्तमानाकडून मागे एकेक पिढीने न्यावा, मधली पिढी गाळून थेट प्रसिद्ध मूळपुरुषाशी जोडू नये. नाव, बापाचे नाव, गाव व गट क्रमांक यांपैकी किमान तीन गोष्टी दोन स्वतंत्र कागदांत जुळल्या, तरच दोन नोंदी एकाच माणसाच्या मानाव्यात. चाचणी उपयोगी पडते ती ठराविक शंकेसाठी, जसे एकाच आडनावाची दोन घराणी पुरुषवंशाने एक आहेत का, हे पाहण्यासाठी. दोघांचे वाय-गुणसूत्र वेगळे निघाले, तर कागदावरचे नाते खोटेच ठरते असे नाही. दत्तकाची नोंद आधी पाहावी.