निर्धूर चुलीची गोष्ट

पंढरपूरजवळच्या माझ्या आजोळी १९८८च्या सुमारास स्वयंपाकघरात दोन चुली होत्या. एक आजीनं स्वतः घातलेली, रोज पोतेरं फिरवलेली, शेजारी वैल असलेली मातीची चूल. दुसरी एका योजनेतून आलेली. गवंड्यानं ती एका दुपारी भिंतीला टेकवून बांधली होती. तिला दोन भोकं, मधे बोगदा आणि छपरातून वर गेलेला सिमेंटचा पाइप. तिचं अधिकृत नाव ‘निर्धूर चूल’. आजी तिला ‘सरकारी चूल’ म्हणायची आणि तिच्या मागच्या भोकावर मिठाची बरणी ठेवायची. स्वयंपाक पहिल्या चुलीवर होई.

तेव्हा मला तो आजीचा हट्ट वाटला. पुढे या विषयावरचे अहवाल वाचताना कर्नाटकातली, गुजरातमधली, ओडिशातली आजी मला पुन्हा पुन्हा भेटत गेली. प्रत्येक ठिकाणी तीच बरणी, तेच बुजवलेलं भोक. हट्टाला एवढा मोठा प्रदेश नसतो. मग काय चुकलं होतं, आणि कोणाचं?

उत्तराकडे जाण्याआधी जाळाचं थोडं गणित पाहावं लागतं. लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण बहुतांशी जळतो तो लाकडातून निघणारा वायू. उष्णतेनं लाकूड आधी वाळतं, मग त्यातून वायू बाहेर पडतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेसा ताप मिळाला तर त्यांची ज्योत होते, नाही मिळाला तर धूर. म्हणजे धूर हे न जळलेलं सरपणच असतं. ओलं लाकूड धुरकट का, याचंही उत्तर यातच आहे: जाळाचा ताप आधी पाणी उडवण्यात खर्च होतो आणि वायू पेटण्याइतके तापतच नाहीत. जाणत्या बाया हे प्रयोगशाळेवाचून जाणत होत्या. पावसाळ्याआधी सरपण रचून ठेवायचं, जाड ओंडका फोडून ढलप्या करायच्या, चुलीचं तोंड लाकडांनी गच्च भरायचं नाही, राख साचू द्यायची नाही, म्हणजे खालून वारा मिळतो. भांड्यावर झाकण ठेवायचं आणि वरण शिजत आलं की लाकूड मागे ओढून वैलावरच्या धगीवर ते मुरू द्यायचं. वैल ही कल्पना तर अस्सल काटकसरीची. एरवी वाया जाणारी धग दुसऱ्या भांड्याला मिळते.

यात एक पेच आहे. भांडं जाळाच्या जितकं जवळ, तितकी धग त्याला जास्त मिळते. पण थंड भांड्याला टेकलेली ज्योत विझू लागते आणि काजळी धरते. भांडं उंच उचलावं तर ज्योत स्वच्छ जळते, पण ताप आजूबाजूला जातो. धुराड्याचंही तसंच. ते धूर ओढून नेतं, पण जास्त ओढ असली तर भांड्याखालची धगही बाहेर घेऊन जातं. सरपण वाचवणारी चूल आणि धूर न करणारी चूल या नेहमी एकच नसतात. चुलीच्या सुधारणेचा पुढचा सगळा इतिहास या पेचाभोवती फिरतो, आणि तो घडवणाऱ्यांपैकी अनेकांनी पेच मान्यच केला नाही.

चूल आपल्याकडे किती जुनी? शिरूरजवळ घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत घरांसोबत चुली मिळाल्या. तिथून आजीच्या चुलीपर्यंत घरं बदलली, धान्यं बदलली, धातू आले. धूर कौलांच्या फटींतून वाट काढत राहिला. वाशांवर काजळी धरली, कसर कमी लागली, टांगलेलं बियाणं टिकलं. धुराचे हे उपयोग खरेच होते. ते डोळ्यांच्या आणि छातीच्या किमतीवर मिळत होते, एवढंच.

चूल मुद्दाम सुधारावी, हा विचार संघटितपणे रुजला त्या ठिकाणांत वर्धा महत्त्वाचं. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं ठाणं मगनवाडीत पडलं. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांचं नाव त्या जागेला दिलेलं. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ यांच्या बरोबरीनं तिथं स्वयंपाकघरातल्या साधनांवरही काम झालं. खाद्यतेलावर चालणारा ‘मगनदीप’ तिथला, आणि चाळिसाच्या दशकातली ‘मगनचूल’ही तिथलीच. मातीचीच चूल, पण एका तोंडाच्या जाळावर ओळीनं भांडी आणि शेवटी धुराडं. गावातल्या मातीतून, गावातल्या हातांनी करता येईल अशी. आजीकडच्या सरकारी चुलीची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी याच धर्तीची चूल बसवली. प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘हर्ल चूल’ म्हणून ओळखली गेली. १९५३ साली त्यांनी लिहिलेल्या पुस्तिकेचं नाव होतं ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’. राजूंचा भर जंगलावर नव्हता. स्वयंपाकघर आणि त्यात राबणारी बाई हा त्यांचा विषय होता. चूल सुधारणेचा पहिला हेतू असा धूर हा होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या तीस वर्षांत तो विसरला गेला.

याच दशकात दिल्लीत डॉ. एस. पद्मावती हृदयरोगाचे रुग्ण तपासत होत्या. फुप्फुसं निकामी होत गेल्यानं हृदयाची उजवी बाजू थकते, त्या विकाराचे १२७ रुग्ण त्यांनी आणि पाठक यांनी अभ्यासले आणि १९५९ साली निष्कर्ष छापले. धूम्रपान बहुतेक पुरुषांचं, तरी हा रोग बायकांतही जवळपास तितकाच आणि तोही कमी वयात. संशय चुलीच्या धुरावर गेला. पद्मावती पुढे देशातल्या हृदयचिकित्सेच्या अग्रणी ठरल्या, पण हा निबंध चूल बांधणाऱ्यांच्या टेबलावर पोचला असेल असं त्यानंतरच्या घडामोडींवरून वाटत नाही. डॉक्टर रुग्णालयात, अभियंते कार्यशाळेत आणि बाई चुलीपुढे. तिघांची गाठ पडायला आणखी पंचवीस वर्षं जावी लागली.

मधल्या काळात जगाला वेगळीच धास्ती लागली. १९७३च्या तेलटंचाईनंतर १९७५ साली एरिक एकहोम यांनी सरपणाच्या टंचाईला ‘दुसरं ऊर्जासंकट’ म्हटलं. गरिबांच्या चुलींनी जंगलं फस्त होत आहेत, असा समज पसरला आणि चूल सुधारणेचा हेतू बदलला. आता धूर मागे पडला, लाकडाची बचत पुढे आली. जंगल वाचवायचं तर चूल बदला! वास्तविक शेतकऱ्याच्या घरात जळण म्हणजे काय? आमच्या आजोळी ज्वारीची धसकटं, तुराट्या, बाभळीच्या काटक्या आणि गोवऱ्या. यासाठी कोणी झाड पाडत नव्हतं. जंगलतोडीला शेतीचा विस्तार, ठेकेदार आणि शहरांची लाकूडभूक ही कारणं अधिक मोठी होती, हे पुढच्या अभ्यासांनी दाखवलं. तोवर चूल आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहून गेली होती.

चांगलं कामही याच काळात झालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकारानं १९७४ साली ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट उभा राहिला आणि त्यातून तीन भांड्यांची ‘अस्त्र ओले’ निघाली. कन्नडमध्ये चुलीला ओले म्हणतात. हरियाणातल्या नाडा गावात मधू सरीन यांनी तर गावातल्या बायकांनाच बरोबर घेऊन ‘नाडा चूल’ घडवली. घराघरात जाऊन, भांडी पाहून, चुलीचं माप त्या भांड्यांवर बेतलं. या सगळ्या खटाटोपात मला हा प्रयोग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

१९८३च्या अखेरीस राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि वर्धा, हैदराबाद, नाडा इथलं सारं एका सरकारी साच्यात ओतलं गेलं. पारंपरिक चुलीची क्षमता कागदावर दहा टक्क्यांच्या आसपास धरलेली. सुधारित चुलीनं किमान वीस गाठावी, अशी अट. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेन इथं कृष्ण प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मापून दाखवलं होतं की नीट सांभाळलेला उघडा जाळ या दहा टक्क्यांच्या बराच वर जाऊ शकतो. म्हणजे आजीचा हात आणि प्रयोगशाळेतली चूल यांतलं अंतर कागदावर दिसे तेवढं नव्हतं. पण कार्यक्रमाला उद्दिष्ट हवं होतं आणि उद्दिष्ट चुलींच्या संख्येत होतं. किमतीचा मोठा भाग अनुदानातून, बांधणारा दर चुलीमागे पैसे घेणारा, तपासणारा नोंदवही पाहणारा. २००२ साली केंद्रानं कार्यक्रम गुंडाळला तेव्हा सुमारे साडेतीन कोटी चुली बांधल्याची नोंद होती. त्यांतल्या किती पेटत होत्या, हा वेगळा हिशेब.

याच सुमारास चीननं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बारा कोटींहून अधिक चुली बसवल्या. तिथं शेतकरी चुलीचा बहुतेक खर्च स्वतः करत होता आणि सरकारी पैसा मुख्यतः प्रशिक्षणाकडे व स्थानिक ऊर्जा कार्यालयांकडे जात होता. स्वतःच्या पैशानं घेतलेली वस्तू माणूस दुरुस्त करतो. फुकट मिळालेल्या वस्तूवर बरणी ठेवतो.

पण बरणीचं सगळं खापर अनुदानावर फोडणं आजीवर अन्याय होईल. निर्धूर चुलीचं तोंड लहान, त्यात वीतभर तुकडे करून घालावे लागत. आजीच्या तुराट्या हातभर लांब. मागच्या भोकावर भांडं नसलं की धूर तिथूनच घरात येई. म्हणून तर बरणी! धुराड्यात काजळी साचली की ओढ संपे, आणि ते साफ करायला छपरावर चढायचं कोणी? सगळ्यांत मोठी अडचण भाकरीची. ज्वारीची भाकरी तव्यावर भाजून झाली की चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून त्यांच्यासमोर ती उभी करतात, तेव्हा ती टम्म फुगते. सरकारी चुलीच्या बोगद्याला असं अंगणच नव्हतं. भाकरी न फुगवणारी चूल सोलापूर जिल्ह्यात चालावी, ही अपेक्षाच विनोदी होती.

इथं मला आपल्या बंबाची आठवण येते. तांब्याचा बंब म्हणजे मधोमध नळी, खाली जाळी, नळीभोवती पाणी. राख खाली पडते, हवा खालून येते, धग चारी बाजूंनी पाण्यालाच मिळते आणि उभी नळी हेच धुराडं. चूल सुधारकांना हवं ते बरंचसं त्यात होतं. भुसाच्या शेगडीतही तेच तत्त्व: मधे बाटली उभी करून भुसा ठासायचा, बाटली काढून घ्यायची, की आपोआप नळी तयार. बंबासाठी पैसे मोजणाऱ्या घरांतही चूल मात्र तशीच राहिली. आंघोळीचं पाणी घरातल्या कर्त्या पुरुषालाही लागे, याचा या फरकाशी काही संबंध असावा असं मला वाटतं.

ऐंशीच्या दशकात धूर पुन्हा विषयपत्रिकेवर आला तो कर्क स्मिथ यांच्यामुळे. गुजरातमधल्या गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापनयंत्रं लावून त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८३ साली आकडे छापले. चुलीपुढची हवा कोणत्याही औद्योगिक शहराच्या हवेपेक्षा कितीतरी वाईट निघाली. २००२च्या जागतिक आरोग्य अहवालात घरातल्या धुरानं वर्षाला सोळा लाख मृत्यू होत असल्याचा अंदाज आला. पद्मावतींचा संशय असा त्रेचाळीस वर्षांनी जगाच्या हिशेबवहीत शिरला.

महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कुंभारांना साचे देऊन चुली बाजारात विकण्याची वाट धरली. ‘लक्ष्मी’सारख्या चुली त्यातून आल्या. कुंभार पिढ्यान्‌पिढ्या शेगड्या विकतच होता. त्याला अनुदानाच्या रांगेऐवजी गिऱ्हाईक देणं, ही दिशा मला योग्य वाटते. तिचा पसारा मर्यादित राहिला, हेही खरं.

ओडिशात मात्र धुराड्याच्या चुलींची कसून परीक्षा झाली. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ‘ग्राम विकास’ संस्थेच्या चुली मिळालेल्या कुटुंबांचा चार वर्षांपर्यंत मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. मग चुली तडकल्या, धुराडी तुंबली, वापर घटला. पुढं आरोग्यात फरक दिसला नाही, सरपणही वाचलं नाही. २०१२ साली हा निबंध आला तेव्हा तज्ज्ञांमध्ये खळबळ माजली. आजीला त्यात नवं काही वाटलं नसतं.

२०१६च्या १ मे रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सरकारचा मुख्य भर चूल सुधारण्याऐवजी सिलिंडरवर गेला. योजनेची आठ कोटी जोडणी पूर्ण झाली तो कार्यक्रम २०१९च्या सप्टेंबरात औरंगाबादला झाला. गॅसनं धुराचा प्रश्न सुटतो यात शंका नाही. पेच फक्त पुढचा सिलिंडर भरण्याचा. तो महाग झाला की काटक्या पुन्हा आत येतात, आणि त्यांच्यासाठी बरी चूल कोणी बांधून ठेवलेली नसते.

मागच्या दिवाळीत आजोळी गेलो होतो. मामींच्या ओट्यावर दोन बर्नरची शेगडी आहे. सरकारी चूल कधीच पाडली, तिच्या पाइपचं छपरातलं भोक पत्र्यानं बुजवलेलं दिसतं. आजीच्या चुलीसारखी एक चूल मामींनी परसात, पडवीच्या कडेला घातली आहे, वरून उघडी. धूर सरळ आकाशात जातो. चहा, वरण, भात गॅसवर. आंघोळीचं पाणी आणि भाकरी परसातल्या चुलीवर. मी विचारलं, पावसात काय करता? मामी म्हणाल्या, “पावसात गॅसवरच्या भाकरी खायच्या. फुगत नाहीत म्हणून मामा कुरकुरतात चार महिने.”