रुग्णवाहिका सेवा, अमेरिकेतील : नोंदी व देयके

आजारी वा जखमी व्यक्तीस रुग्णालयात पोहोचविणाऱ्या सेवेने प्रत्येक फेरीची नोंद कशी ठेवावी आणि त्या फेरीचा मोबदला कोणाकडून व कोणत्या आधारावर घ्यावा, यासंबंधीची पद्धती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती अतिशय विस्तारली आणि तितकीच वादग्रस्तही ठरली. रुग्णाच्या प्रकृतीची नोंद आणि पैशाचा हिशेब ही दोन कामे एकाच कागदावर येऊन पडली, हे या वादाचे मूळ होय.

रुग्णवाहिकेचा उगम लष्करी आहे. फ्रेंच शल्यचिकित्सक दॉमीनीक झां लारे याने १७९२ मध्ये जखमी सैनिकांसाठी वेगवान घोडागाड्यांची योजना आखली. अमेरिकन यादवी युद्धात जॉनथन लेटरमन याने १८६२ मध्ये स्वतंत्र रुग्णवाहिका पथक उभारले व १८६४ च्या कायद्याने ही व्यवस्था सर्व सैन्यास लागू झाली. खर्च शासनाचा असल्याने सैनिकास देयक देण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे सिनसिनाटी येथे व १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात नागरी सेवा सुरू झाल्या. लहान गावांत मात्र हे काम अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्यांकडे गेले. कारण माणसाला आडवे झोपवून नेता येईल असे वाहन बहुधा त्यांच्याकडेच असे. १९६६ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातील सुमारे निम्मी रुग्णवाहिका सेवा अशा १२,००० व्यावसायिकांच्या हाती होती. वाटेत उपचार जवळजवळ होत नसत. त्यामुळे त्यांची तपशीलवार नोंद ठेवण्याचे प्रयोजनही नव्हते.

ही स्थिती १९६५ च्या मेडिकेअर कायद्याने पालटली. प्रामुख्याने ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी असलेल्या या शासकीय विमा योजनेत रुग्णवाहिकेचा समावेश झाला, पण एका अटीवर : रुग्णाची प्रकृती अशी असावी, की अन्य कोणत्याही वाहनाने त्याला नेणे अपायकारक ठरेल. विधिमंडळाने येथे वाहतुकीचा मोबदला मान्य केला, उपचाराचा नव्हे. त्या काळच्या सेवेचे स्वरूप पाहता हे स्वाभाविकच होते. तथापि १९७० नंतर प्रशिक्षित कर्मचारी, हृदयालेख यंत्र व औषधे यांनी सज्ज अशी वाहने धावू लागली, तरी मूळ अट तशीच राहिली. रक्तातील साखर उतरून बेशुद्ध पडलेल्या मधुमेही रुग्णास घरीच शुद्धीवर आणले आणि त्याने रुग्णालयात जाण्याचे नाकारले, तर त्या फेरीचे मेडिकेअरकडून काहीही मिळत नाही. मृत्यूबाबतचे नियमही याच न्यायाचे आहेत. वाहन निघण्यापूर्वी मृत्यू घोषित झाल्यास मोबदला नाही. निघाल्यानंतर, पण रुग्णास वाहनात घेण्यापूर्वी झाल्यास प्राथमिक सेवेचा मूळ दर मिळतो, मैलांचा आकार नाही. वाहनात घेतल्यानंतर झाल्यास रुग्ण जगला असता तर जे मिळाले असते ते सर्व मिळते. नियम कोरडे आहेत, पण प्रत्यक्ष घडणाऱ्या प्रसंगांतूनच ते आले आहेत.

त्यामुळे फेरीच्या नोंदपत्रकास पुराव्याचे रूप आले. बोलावणे कशासाठी आले, रुग्ण कोणत्या स्थितीत आढळला, कोणते उपचार केले व तो खुर्चीवर बसून का जाऊ शकत नव्हता, हे त्यात लिहावे लागते. रुग्ण ‘शय्याबद्ध’ ठरण्यासाठी मदतीवाचून उठता न येणे, चालता न येणे आणि साध्या वा चाकांच्या खुर्चीत बसता न येणे या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. देयकावर दोन अक्षरांची खूण असते : पहिले अक्षर रुग्णास उचलल्याचे ठिकाण दर्शविते, दुसरे पोहोचविल्याचे. मैल मोजावयाचे ते केवळ रुग्ण वाहनात असतानाचे आणि सामान्यतः जवळच्या योग्य रुग्णालयापर्यंतचेच. ठरावीक दिवशी वारंवार होणाऱ्या फेऱ्यांना वैद्याचे प्रमाणपत्र लागते व ते ६० दिवसांपेक्षा जुने चालत नाही. मात्र प्रमाणपत्र असले म्हणजे गरज सिद्ध झाली, असेही मानले जात नाही.

१९९७ च्या कायद्यान्वये आखलेले समान दरपत्रक १ एप्रिल २००२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यात तातडी नसलेल्या प्राथमिक सेवेचे मूल्य १ धरले, तर तातडीच्या प्राथमिक सेवेचे १.६० व प्रगत सेवेच्या वरच्या पातळीचे २.७५ येते. साहजिकच नोंदपत्रकातील एखाद्या वाक्याने रक्कम पालटू लागली.

सर्वाधिक गैरव्यवहार डायलिसिसच्या रुग्णांच्या फेऱ्यांत आढळले. असा रुग्ण आठवड्यातून सहसा तीनदा जातो, म्हणजे सहा फेऱ्या होतात. चालू शकणाऱ्या रुग्णास शय्याबद्ध दाखविले, की वर्षाला तीनशेहून अधिक देयके निघतात. अशा पुरवठादारांवर ज्या कायद्याखाली खटले भरले जातात, तो १८६३ चा असून यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या कंत्राटदारांसाठी केलेला होता, हा योगायोग लक्षणीय आहे. डिसेंबर २०१४ पासून न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया व साउथ कॅरोलायना या राज्यांत अशा फेऱ्यांसाठी पूर्वमान्यतेची पद्धत सुरू झाली व पुढे ती देशभर पसरली. या फेऱ्यांचे दर २०१३ मध्ये १० टक्क्यांनी घटविण्यात आले व २०१८ मध्ये ही घट २३ टक्के करण्यात आली. लबाडीला त्यामुळे आळा बसला. परंतु खरोखरच अंथरुणाला खिळलेल्या रुग्णालाही तेच अडथळे पार करावे लागतात आणि एखाद्या कर्मचाऱ्याने त्रोटक लिहिलेले पत्रक त्याच्याविरुद्ध जाऊ शकते.

मेडिकेअरच्या रुग्णाकडून मान्य दराबाहेर रक्कम मागता येत नाही. खाजगी विमा असलेल्यांना मात्र हे संरक्षण सर्वत्र नाही. विमा कंपनीशी करार नसलेली रुग्णवाहिका आली, तर उरलेली रक्कम रुग्णाकडे मागितली जाते. आणि कोणते वाहन येणार हे त्याच्या हाती मुळीच नसते. अशा अनपेक्षित देयकांना प्रतिबंध करणारा संघीय कायदा २०२० मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्याने हवाई रुग्णवाहिकांना बंधन घातले, परंतु रस्त्यावरील रुग्णवाहिका वगळल्या. यांपैकी बऱ्याच सेवा नगरपालिका व अग्निशमन दले चालवितात आणि त्यांचे अर्थकारण गावोगावी वेगळे असते. म्हणून हा प्रश्न सल्लागार समितीकडे सोपविण्यात आला. काही राज्यांनी दरम्यान स्वतःचे कायदे केले.

रुग्णास घरीच उपचार दिल्यास किंवा आपत्कालीन विभागाऐवजी अन्य दवाखान्यात नेल्यास मोबदला द्यावा, असा प्रयोग मेडिकेअरने २०२१ मध्ये आरंभिला. पाच वर्षांसाठी योजलेला हा प्रयोग ३१ डिसेंबर २०२३ रोजी, मुदतीपूर्वीच, बंद करण्यात आला.