चारच्या वर चढलेली सरासरी

अमेरिकेतल्या हायस्कूलच्या गुणपत्रकावर कधी कधी ४.३ जीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) दिसतो. मोजपट्टी तर चारचीच. मग वरची भर कुठून आली?

मुळात चारचा हा हिशेब येल विद्यापीठाचा. तिथले अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी १७८५ साली ५८ विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली आणि त्यांचे चार गट पाडून ते आपल्या रोजनिशीत नोंदवले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येलमध्ये चारपैकी गुण देऊन त्यांची सरासरी काढू लागले. माउंट होल्योक या महिलांच्या महाविद्यालयाने १८९७ मध्ये अक्षरश्रेणी आणली. पुढे १९१३ मध्ये स्टार्च आणि एलियट या संशोधकांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका अनेक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा कुणी तिसाच्या आत, तर कुणी नव्वदच्या आसपास गुण दिले. शंभरपैकी गुणांच्या अचूकतेवर त्यामुळे मोठे प्रश्नचिन्ह लागले आणि मोजक्या श्रेणींचे पारडे जड झाले. या श्रेणी चारच्या मोजपट्टीवर अशा बसतात: ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १. विषय कोणताही असो. त्यांची साधी सरासरी म्हणजे अनवेटेड जीपीए.

अडचण आली ती अवघड अभ्यासक्रम आल्यावर. हायस्कूलमध्येच महाविद्यालयीन पातळीचे विषय शिकवणारी ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ म्हणजे एपी ही योजना १९५५ मध्ये कॉलेज बोर्डाने हाती घेतली. अशा विषयात बी मिळवणारा मुलगा सोप्या विषयात ए मिळवणाऱ्याच्या मागे पडे. म्हणून अनेक शाळांनी एपीला एक आणि ऑनर्स या शाळेच्याच अवघड अभ्यासक्रमाला अर्धा गुण वाढवून दिला. हा झाला वेटेड जीपीए. दोन एपी विषयांत बी आणि दोन साध्या विषयांत ए असेल, तर अनवेटेड ३.५ आणि वेटेड ४.० येतो. कष्टाला न्याय मिळाला, हे खरे.

पण ज्या शाळेत एपीचे वर्गच मोजके, तिथल्या मुलांनी काय करायचे? कॅलिफोर्नियातल्या इंगलवुडच्या विद्यार्थ्यांनी १९९९ मध्ये याच प्रश्नावर राज्याला न्यायालयात खेचले. या जादा गुणाला कॅलिफोर्निया विद्यापीठाने मर्यादाही घातली आहे: दहावी-अकरावीतली जास्तीत जास्त आठ सत्रे, आणि श्रेणी किमान सी.

आपल्या विद्यापीठांतल्या सीजीपीएतही भार असतो, पण तो श्रेयांकांचा, विषयाच्या काठिण्याचा नव्हे. दोन्हींची गल्लत करू नये.

वेटेड जीपीएचा नियम अमेरिकेत देशभर एक नाही; तो शाळागणिक बदलतो. त्यामुळे तिथे शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनी नुसत्या आकड्यांची तुलना करू नये. शाळेचा नियम आधी विचारावा, दोन्ही सरासऱ्या पाहाव्यात आणि मुलाने कोणते विषय घेतले ते वाचावे. जादा गुणासाठी झेपणार नाहीत इतके विषय त्याच्यावर लादू नयेत.