वारा कुठला, ते आधी विचारा

जूनमध्ये श्रीलंकेला डायव्हिंगसाठी जायचं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर कीव उमटते. भर पावसाळ्यात समुद्रात कोण शिरतं?

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो अडाणीपणातून आलेला नाही. पावसाळा लागला की तारकर्ली-मालवणची स्कूबा बंद होते, होड्या वर ओढल्या जातात. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात लावायचा नाही, हे कोकणातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. श्रीलंका तर आपल्याहून दक्षिणेला, मोसमी वारे तिथे आणखी आधी पोचतात. तेव्हा हंगाम डिसेंबर ते मार्च आणि ठिकाण हिक्कडुवा, कारण नाव त्याचंच मोठं. स्वतःला जाणकार म्हणवणारे आणखी पुढे जातात: १९९८ साली तिथलं प्रवाळ पांढरं पडून मेलं, पाणीही मालदीवइतकं नितळ नाही, मग श्रीलंकेचा नादच कशाला?

या युक्तिवादाला कोकण नडतं. कोकणाला समुद्राची एकच बाजू आहे, बेटाला चहूबाजूंनी समुद्र असतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा हिक्कडुवाचा किनारा झोडपत असतो, तेव्हा पलीकडे पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला तोच वारा डोंगर ओलांडून, पाऊस मागे टाकून, जमिनीवरून येतो. महाबळेश्वर धो-धो भिजत असताना फलटण कोरडं का, हे ज्याला कळतं त्याला त्रिंकोमालीही कळायला हरकत नाही. शिवाय लाट मोठी व्हायला वाऱ्याला पाण्यावरून लांब धाव मिळावी लागते. जमिनीवरून आलेल्या वाऱ्याला किनाऱ्यालगत ती मिळत नाही. म्हणून निलावेलीसमोरच्या पिजन आयलंडला जायचं ते मे-जूनमध्ये. डिसेंबरात वारा ईशान्येचा होतो आणि पारडं फिरतं: पूर्व बंद, पश्चिम उघडी. आपली मे महिन्याची सुट्टी पूर्व किनाऱ्याला चपखल बसते आणि आपण नेमके तेव्हाच श्रीलंका टाळतो. (दिवाळीची सुट्टी मात्र बहुधा दोन्हीकडून जाते. दोन वाऱ्यांच्या मधल्या त्या दिवसांत पाऊस कुठेही गाठतो.)

हे तिथल्या मच्छीमारांना कुणी शिकवलेलं नाही. पश्चिमेच्या नेगोंबोकडची कुटुंबं हंगाम पालटला की जाळी-होड्यांसकट पूर्व किनाऱ्यावर जातात आणि वाळूवर झोपड्या बांधून राहतात. सिंहलीत या तात्पुरत्या वस्तीला ‘वाडिय’ म्हणतात. आपल्या वाडीशी तिचं नातं असो-नसो, मराठी कान टवकारतोच.

आता प्रवाळाचं. १९९८च्या तापलेल्या पाण्याने हिक्कडुवाचं आणि कल्पिटियाजवळच्या बार रीफचं फार नुकसान केलं, हे मान्य. पण त्या वर्षी मालदीवही सुटलं नव्हतं आणि पिजन आयलंड बरंचसं वाचलं होतं. तिथलं प्रवाळ पुढे पर्यटकांच्या पायांखालीही तुटलं, ते वेगळं दुःख. नितळ पाण्याची कसोटी तर मालदीवलाच लावून बघा. बा अटॉलमधल्या हनिफारूच्या उपसागरात नैर्ऋत्य मोसमात मांटा रे गोळा होतात, त्या प्लवकांनी गढुळलेल्या पाण्यासाठी. काचेसारखं पाणी हवं असेल तर त्यांचं जेवण तिथे नसेल.

शिवाय श्रीलंकेची खरी दौलत बुडालेल्या जहाजांची आहे. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बट्टिकलोआजवळ ‘हर्मिस’ हे ब्रिटिश जहाज बुडवलं. मुळातच विमानवाहू म्हणून आराखडा झालेल्या पहिल्या जहाजांपैकी ते एक. पण ते पन्नास मीटरहून खोल आहे आणि नवशिक्याच्या प्रमाणपत्राची मर्यादा अठरा मीटर. फोटो बघून नाव यादीत घालणाऱ्यांनी आधी आपलं कार्ड बघावं. त्याच दिवशी बुडालेलं ‘ब्रिटिश सार्जंट’ हे तेलवाहू जहाज पुष्कळ उथळ पाण्यात आहे. थोडा अनुभव गाठीशी असलेल्याने तिकडे वळावं.

वाऱ्याची सत्ता पाहायची तर आग्नेय टोकाजवळच्या ग्रेट बासेस खडकांकडे पाहावं. दीपगृहाभोवती समुद्र जवळजवळ वर्षभर फुटत असतो. एक वारा संपून दुसरा सुरू होण्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये काही आठवडे तेवढी फट मिळते. विज्ञानकथाकार आर्थर क्लार्कचा साथीदार माइक विल्सन १९६१च्या मार्चमध्ये तिथे उतरला होता, म्हणूनच त्याला चांदीचे रुपये सापडले. ते भरलेल्या पिशव्या केव्हाच कुजून गेल्या होत्या. नाणी मात्र एकमेकांना चिकटून पिशवीच्याच आकाराचे गठ्ठे होऊन पडली होती. टांकसाळ सुरतेची, नाव औरंगजेबाचं, साल हिजरी १११३, म्हणजे १७०१-०२. त्या हिवाळ्यात बादशहा स्वतः विशाळगडाला वेढा घालून बसला होता. त्याचे कोरे रुपये घेऊन निघालेलं जहाज मात्र कधीतरी या खडकांवर येऊन फुटलं.